वर्गातर्फे बोलायला उभी राहशील तेव्हा

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, "बाई, निरोप समारंभात वर्गातर्फे मला बोलायचंय, हायस्कूलची सगळी वर्षं पाच मिनिटांत कशी बसवू", आणि सोबत पाठवलेला ड्राफ्टसुद्धा दोनदा वाचला. भाषा गोड आहे, तुझा हात लिहिता आहे यात शंकाच नाही, पण खरं सांगते, तो ड्राफ्ट कुठल्याही वर्गाचा असू शकतो. "आम्ही हसलो, रडलो, भांडलो, पुन्हा एक झालो" हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की कुठल्या वर्गाचं कुठलं ते मला सांगता येणार नाही, आणि मला तुमचा वर्ग आठवायचाय. म्हणून हे पत्र. लांबेल, सवडीनं वाच.

आधी माझी एक गोष्ट सांगते. मी शाळेत असताना शेवटच्या वर्षी गणिताच्या तासाला एका मुलीला काही चूक नसताना वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि तेव्हा मी उठून उभी राहिले आणि म्हणाले की सर, बोलत ती नव्हती. ही गोष्ट मी कितीतरी वर्षं सांगत आले, घरी सांगितली, मैत्रिणींना सांगितली, वर्गात मुलांनाही सांगितली. मग कितीतरी वर्षांनी माझी बाकावरची मैत्रीण भेटली, तिच्यासमोर हाच विषय निघाला, आणि ती शांतपणे म्हणाली, "अगं, तू नव्हतीस उठलेली. तू माझा हात घट्ट धरून बसली होतीस. उठली ती मागच्या बाकावरची." मी भांडले तिच्याशी, कारण मला अजूनही बाक मागे सरकल्याचा आवाज ऐकू येतो. पण नीट आठवायला लागले तेव्हा लक्षात आलं की तो आवाज माझ्या पाठीमागून येतोय.

मग आम्ही दोघी त्या मागच्या बाकावरच्या मुलीचं नाव आठवत बसलो. चेहरा दोघींच्याही डोळ्यासमोर, वेणी कशी घालायची ते आठवतंय, अक्षर आठवतंय, नाव काही केल्या येईना. वर्गातलं सगळ्यात धीराचं काम जिनं केलं तिचं नाव गेलं आणि तिच्या जागी मी स्वतःला नेऊन उभं केलं, तेही मुद्दाम नाही गं, नकळत. याचं मला आजही वाईट वाटतं आणि तू वर्गाच्या आठवणी लिहायला बसलीयस म्हणल्यावर पहिल्यांदा हेच डोक्यात आलं.

हे माझ्या एकटीचं नाही. हॅरी बाहरिक नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली एक अभ्यास छापला, ३९२ माणसं घेतली, काही नुकतीच हायस्कूलमधून बाहेर पडलेली तर काहींना शाळा सोडून ५० वर्षं होत आलेली, आणि त्यांना त्यांच्याच वर्गातल्यांचे फोटो आणि नावं दाखवून काय काय आठवतं ते तपासलं. फोटो दाखवला की हा आपल्या वर्गातला की नाही हे लोक ३५ वर्षांनंतरही जवळपास ९० टक्के वेळा बरोबर सांगत होते. पण समोर काहीच न ठेवता नावं सांगा म्हटलं की गाडी अडायची, आणि जितकी वर्षं जास्त तितकी जास्त अडायची. म्हणजे चेहरे राहतात, नावं निसटतात.

त्याच बाहरिकांनी १९९६ मध्ये अजून एक गोष्ट बघितली. कॉलेजातल्या ९९ मुलामुलींना हायस्कूलच्या ग्रेड आठवायला सांगितल्या आणि शाळेच्या रेकॉर्डशी ताडून बघितल्या, एकूण ३,२२० ग्रेड. ए मिळाला होता ते ८९ टक्के वेळा बरोबर आठवलं, डी मिळाला होता ते फक्त २९ टक्के वेळा. आणि चुकले तेव्हा बहुतेक वेळा मिळाली त्यापेक्षा चांगलीच ग्रेड सांगितली. ही काही म्हातारी माणसं नव्हती, शाळा सोडून थोडीच वर्षं झालेली पोरं होती. त्यासाठी मुद्दाम खोटं बोलावं लागतं असंही नाही. मन आपल्या बाजूनं झुकतं, बस.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आत्ता, या आठवड्यात, सगळं ताजं आहे तोवर जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेव, आणि एकटीच्या डोक्यातून लिहू नकोस.

कसं करशील ते सांगते. वर्गाच्या ग्रुपवर "तुमची फेवरेट आठवण सांगा" असं टाकू नकोस, सगळे सहल आणि गॅदरिंगच सांगतील, आणि तेच तेच सहा जण सांगतील जे एरवीही बोलतात. प्रत्येकाला वेगवेगळं विचार, शक्यतो समोर उभं राहून. तू कुठल्या बाकावर बसायचास, शेजारी कोण असायचं, खिडकीतून काय दिसायचं, कुठल्या दिवशी घरी जाताना पाय जड झाले होते. असं बारीक विचारलं की माणसं खरं बोलायला लागतात. मागे एका मुलानं मला असंच विचारल्यावर सांगितलं होतं की त्याच्या बाकाचा एक पाय आखूड होता, लिहिताना बाक डुगडुगायचं, आणि शेजारचा मुलगा रोज सकाळी आल्या आल्या वहीचं एक पान फाडून चार घड्या घालून त्या पायाखाली सरकवायचा, संध्याकाळी झाडू मारताना तो कागद जायचा, सकाळी हा पुन्हा नवीन घडी घालायचा, वर्षभर. दोघांची मैत्री म्हणावी अशी नव्हती, डबासुद्धा एकत्र खात नव्हते. "त्यानं मला कधी सांगितलं नाही आणि मी कधी थँक्यू म्हणलो नाही," म्हणाला, आणि बोलता बोलता गप्प झाला. आता मला सांग, "मैत्रीचे अतूट धागे" असं लिहिण्यापेक्षा ती कागदाची घडी सांगितली तर सगळा हॉल ऐकेल की नाही?

दुसरं जरा अवघड आहे, पण तुला सांगायलाच हवं. ड्राफ्टमध्ये तू लिहिलंयस, "आमच्या सगळ्यांच्या आयुष्यातले हे सगळ्यात सुंदर दिवस." सगळ्यांच्या? तुला हे दिवस सुंदर गेले, मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्याच वर्गात एखादी अशी आहे जिला वर्षभर टोपणनावानं छळलं, एखादा असा आहे ज्याच्याशी कोणी बोलायचंच नाही आणि मधली सुट्टी तो लायब्ररीच्या जिन्यात काढायचा, एखादीच्या घरी त्या वर्षी असं काही घडलं की तिला शाळेतलं काहीच धड आठवत नाही. आणि मध्येच शाळा सोडून गेलेले? ते शेवटच्या फोटोत नाहीत म्हणून वर्गात नव्हते असं होत नाही ना. माणूस मोठा झाला की साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी बाकीच्या वयापेक्षा जास्त येत राहतात, हे अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा बघितलंय, म्हणजे ही वर्षं तुम्हा सगळ्यांच्या सोबत येणारच आहेत, ज्यांना छान गेली त्यांच्या आणि ज्यांना जड गेली त्यांच्याही. त्या मुलाला तू स्टेजवरून सांगितलंस की हे तुझे सगळ्यात सुंदर दिवस होते, तर तो टाळ्या वाजवेल सगळ्यांबरोबर, पण शाळेच्या शेवटच्या दिवशीसुद्धा आपण या वर्गात मोजलो गेलो नाही हे त्याला परत एकदा कळेल. तिथं कोणाचं दुःख उघडं करायचं नाही, नावं घ्यायची नाहीत, ते फार वाईट होईल. फक्त "सगळे" आणि "आम्ही" हे शब्द जपून वापर. "काहींना ही वर्षं सोपी गेली नाहीत, आणि आम्ही जिथं लक्ष द्यायला हवं होतं तिथं दिलं नाही" एवढं एक वाक्य वर्गातर्फे म्हणायची तुझी हिंमत झाली ना, तर बाकीचं भाषण कसंही होऊ दे. वर्गाला आधी विचार मात्र. तू त्यांच्यातर्फे बोलतेयस.

तू लिहिलंयस की पहिल्या वर्षी स्टेजवर शब्द विसरलीस त्यामुळे परत त्याच स्टेजवर जायची भीती वाटते, सगळ्यांना ते आठवत असेल. नसेल गं. कॉर्नेल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, २००० साली छापून आला, त्यात एकेका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं आणि मग विचारलं की किती जणांनी तुझा टीशर्ट बघितला असेल. त्यांना वाटलं जवळपास निम्म्यांनी, प्रत्यक्षात बघितला होता जेमतेम पाव लोकांनी. मी त्या दिवशी हॉलमध्येच होते. मला आठवतंय ते इतकंच की तू थांबलीस, खाली बघितलंस आणि पुढची ओळ घेतलीस. तुला जो अख्खा तास वाटला तो दोन-तीन सेकंदांचा होता.

"आम्ही कधीच बदलणार नाही" ही ओळ काढून टाक. २०१३ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून जास्त लोकांना विचारलं होतं, आणि प्रत्येक वयाचे लोक म्हणत होते की मागच्या १० वर्षांत आम्ही खूप बदललो पण पुढच्या १० वर्षांत फारसे बदलणार नाही. बदलणार तुम्ही, आणि बदलायलाच हवं. त्यापेक्षा भेटायची एक तारीख ठरवा.

राहिले आभार. स्टेजवर सगळ्या शिक्षकांची यादी वाचत बसू नकोस, एक नाव राहिलं तर लागून राहतं. त्याऐवजी तुम्ही प्रत्येकानं एकेका माणसाला चिठ्ठी लिहा, शिक्षकच पाहिजे असं नाही, घंटा देणारे काका, लॅबवाले काका, कोणीही. "तुमच्यामुळे अमुक दिवशी असं झालं" इतकं नेमकं लिहा. मुलं दरवर्षी म्हणतात, कसंतरीच वाटतं, काय म्हणतील. यावरही दोन संशोधकांनी २०१८ मध्ये काम छापलंय, आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल, आणि वाचणारा मात्र त्याच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त खूश होतो. मी वाचणाऱ्या बाजूची आहे, माझ्या कपाटात अशा चिठ्ठ्यांचा एक डबा आहे, शाई उडालीय, तरी मी त्या काढून बसते.

ड्राफ्ट परत लिहून रविवारपर्यंत पाठव, मी जागी असेन. आणि अजून एक काम, ते भाषणाइतकंच महत्त्वाचं आहे. वर्गाचा फोटो आला की एक प्रिंट काढून घे आणि मागच्या बाजूला पेन्सिलनं सगळ्यांची पूर्ण नावं लिही, आडनावासकट. सुरुवात मागच्या रांगेपासून कर, तिथं कोणाचा नुसता खांदा आणि कान दिसत असेल, कोण आहे ते विचारून घे. माझ्याकडच्या फोटोवर पुढच्या दोनच रांगांची नावं आहेत, ती मीच लिहिली होती, आणि जी उठून उभी राहिली होती ती तिसऱ्या रांगेत आहे.

तुझ्या,
बाई