‘प्रक्षिप्त’, ‘बनावट’ की ‘गुप्त’? थोमाच्या शुभवर्तमानाला मराठीत काय म्हणावं

प्रश्न असा आला आहे : “आमच्या वाचनकट्ट्यावर ‘गॉस्पेल ऑफ थॉमस’ वाचलं. ग्रंथाबद्दल मतं वेगवेगळी पडली, पण अर्धा वेळ गेला तो त्याला मराठीत काय म्हणायचं या वादात. एकजण ‘प्रक्षिप्त’ म्हणाला, दुसरी ‘बनावट’, तिसऱ्याने ‘गुप्त’ सुचवलं, आणि एक काका म्हणाले की ‘अपोक्रिफल’ हाच शब्द राहू द्या. यातला बरोबर शब्द कोणता?”

हा ग्रंथ म्हणजे येशूचा शिष्य थोमा याच्या नावावर असलेला, बायबलात न घेतलेला, येशूच्या वचनांचा जुना संग्रह. आधी ‘प्रक्षिप्त’ बाजूला काढू, कारण तो शब्द इथे साफ चुकतो. प्रक्षिप्त म्हणजे मागाहून आत घातलेलं, घुसडलेलं. त्यासाठी आधी एक मूळ ग्रंथ लागतो. ज्ञानेश्वरीत जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा, असं एकनाथांनी बजावलं, ते प्रक्षिप्ताबद्दल. स्वतंत्र ग्रंथ आवडो न आवडो, खरा असो खोटा असो, तो प्रक्षिप्त असू शकत नाही. तो कशात घुसडला, हे सांगता यायला हवं.

नव्या करारातच प्रक्षिप्ताचं उत्तम उदाहरण आहे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला दगडमार करायला लोक जमतात आणि येशू म्हणतो, तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा. हा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायाच्या शेवटच्या ओळीपासून आठव्याच्या अकराव्या ओळीपर्यंत येतो. पण सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या ग्रीक हस्तलिखितांत तो नाही. बहुतेक अभ्यासक तो नंतर आलेला मानतात, कित्येक छापील आवृत्त्यांत तो कंसात असतो. म्हणजे हा उतारा प्रक्षिप्त आहे आणि तरीही चर्चच्या मान्य धर्मग्रंथात आहे. थोमाचं नेमकं उलटं : तो कशातही घुसडलेला नाही, आणि मान्य ग्रंथांतही नाही. एका शब्दाने या दोन्ही गोष्टी झाकल्या तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

‘बनावट’ हा शब्द म्हणून चुकीचा नाही. त्याला जुना आधार आहे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने ग्रंथांची प्रतवारी लावली : सर्वांनी मानलेले, वाद असलेले आणि ‘नोथा’. नोथा म्हणजे शब्दशः अनौरस. थोमाच्या नावाचं शुभवर्तमान त्याने या अनौरसांतही बसू दिलं नाही. ते पाखंड्यांनी रचलेलं आहे, फेकून द्यायच्या लायकीचं आहे, असं म्हणून त्याने ते त्याही खाली ढकललं. पुढे त्याच शतकाच्या मध्यावर जेरुसलेमच्या सिरिलने दीक्षा घेऊ पाहणाऱ्यांना सांगितलं, हे वाचूच नका, हे बारा प्रेषितांतल्या थोमाचं नाही, मानीच्या (चर्चने पाखंड ठरवलेल्या मानी पंथाच्या संस्थापकाच्या) शिष्याचं आहे.

सिरिलचं हे म्हणणं आज आपल्याला ताडून पाहता येतं. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या गावच्या उकिरड्यांत ग्रेनफेल आणि हंट या दोघांना १८९७ पासून पपायरसचे जे तुकडे मिळत गेले, त्यांतले तीन याच ग्रंथाच्या ग्रीक प्रतींचे निघाले. त्यांतला सगळ्यात जुना तुकडा अक्षरवळणावरून साधारण इ.स. २०० च्या सुमाराचा मानतात. मानीचा जन्म २१६ चा. आपल्या हातात आहे तो ग्रंथ मानीच्या शिष्याने रचला असणं मग जमत नाही. प्रेषित थोमाने तो स्वतः लिहिला असंही बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. पण दुसऱ्याच्या नावावर लिहिणं ही त्या काळातली पसरलेली रीत होती, आणि मान्य झालेल्या ग्रंथांपैकीही काहींच्या कर्तृत्वावर वाद आहेतच. म्हणून ‘बनावट’ हे एका वाचकाचं मत म्हणून जरूर नोंदवा. ग्रंथप्रकाराचं नाव म्हणून ते वापरलं की चर्चा सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो.

आता ‘गुप्त’. हा शब्द सुचवणाऱ्याने ग्रंथाची पहिली ओळ नीट वाचलेली दिसते. मी ती मराठीत अशी करीन : “ही गूढ वचनं. जिवंत येशूने ती सांगितली आणि दिदुम यहूदा थोमाने ती लिहून ठेवली.” ग्रंथ संपूर्ण मिळाला आहे तो कॉप्टिक या इजिप्तमधल्या जुन्या भाषेत. तिथला शब्द आहे ‘हेप’, दडलेलं. ग्रीक तुकड्यात ही जागा फाटलेली आहे, पण संपादकांनी तिथे ‘अपोक्रिफॉय’ हाच शब्द भरला आहे. अपो म्हणजे दूर, क्रिप्तो म्हणजे लपवणे. म्हणजे ज्या शब्दाने पुढे हा ग्रंथ बाहेर काढला गेला, तोच त्याने स्वतःच्या कपाळावर मानाने लावला होता! आणि असं करणारा तो एकटा नव्हता. कलस्सैकरांस पत्रातही ज्ञानाचे सगळे निधी ख्रिस्तात ‘अपोक्रिफॉय’ आहेत असं म्हटलं आहे, तिथेही शब्द गौरवाचाच.

मग घसरण कुठे झाली? सुमारे १८० साली लियाँचा बिशप आयरेनिअस पाखंड्यांच्या पुस्तकांबद्दल लिहिताना ‘अपोक्रिफा’ आणि ‘नोथा’ एका दमात म्हणतो. लपलेलं आणि अनौरस एकाच गाठोड्यात. ३६७ साली अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस आपल्या ईस्टरच्या पत्रात नव्या कराराच्या २७ ग्रंथांची यादी देतो. नेमकी आजचीच असलेली ही सगळ्यात जुनी ज्ञात यादी. तो तीन वेगळे शब्द वापरतो : कॅननमध्ये (म्हणजे चर्चच्या मान्य ग्रंथांच्या यादीत) घेतलेले, कॅननमध्ये नसले तरी नवख्यांना वाचायला द्यावेत असे, आणि अपोक्रिफा. मधला वर्ग लक्षात ठेवा. यादीबाहेर असणं आणि त्याज्य असणं या दोन गोष्टी त्याच्याही मनात एक नव्हत्या.

‘गुप्त’ऐवजी मी ‘गूढ’ का केलं, तेही सांगतो. गुप्त म्हटलं की मराठीत गुप्त पोलीस, गुप्त मतदान, गुप्तधन आठवतं : कुणीतरी जाणूनबुजून दुसऱ्यापासून लपवलेलं. इथे वचनं तर लिहून समोर ठेवली आहेत, दडला आहे तो अर्थ. लगेच पुढचं वचन सांगतं की ज्याला यांचा अर्थ सापडेल तो मरण चाखणार नाही. ‘गूढ’ हा गुह् धातूपासूनचा शब्द, मूळ अर्थ झाकलेलं. अपोक्रिफॉयला इतका जवळचा शब्द आपल्याकडे तयार असताना तो सोडू नये. पण तो पहिल्या ओळीपुरता. ग्रंथांच्या वर्गाला ‘गूढग्रंथ’ म्हटलं तर त्यात तंत्रमंत्राची पुस्तकंही येऊन बसतील.

काकांचा ‘अपोक्रिफल’ राहू द्यायला माझी हरकत एवढीच, की मराठी ख्रिस्ती वाचकांमध्येच त्याचे दोन अर्थ आहेत. प्रॉटेस्टंट परंपरेत अपोक्रिफा म्हणजे तोबित, यहूदीथ, मक्काबी वगैरे जुन्या काळातले ग्रंथ. हेच ग्रंथ वसईच्या कॅथलिक माणसाच्या बायबलमध्ये पवित्र शास्त्र म्हणून छापलेले असतात. त्याचं बायबल ७३ ग्रंथांचं, दुसऱ्याचं ६६ चं. थोमाचं शुभवर्तमान या दोघांच्याही बायबलात नाही. ‘अपोक्रिफा’ म्हणालात तर एकाच बाकावर बसलेल्या दोघांना दोन वेगळी पुस्तकं आठवतील.

शिवाय इंग्रजी बोलण्यातून आलेला तिसरा अर्थ आहेच : आधार नसलेली, तोंडोतोंडी चालत आलेली गोष्ट. त्याला मराठीत ‘सांगोवांगी’ हा फर्मास शब्द आहे. आणि या प्रकरणात तो लागू पडतो, पण ग्रंथाला नाही, तर ग्रंथ सापडल्याच्या कथेला. डिसेंबर १९४५ मध्ये वरच्या इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ शेतासाठी खतमाती खणताना एका शेतकऱ्याला मडकं लागलं, आत जिन्न असेल म्हणून तो आधी बिचकला, मग फोडलं तर चामडी बांधणीची पुस्तकं निघाली, त्यांतली काही पानं आईने चुलीत घातली, अशी ही कथा. अलीकडे अभ्यासकांनी तिच्या तपशिलांवर गंभीर शंका घेतल्या आहेत, कारण सांगणाऱ्यांनी ती वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी सांगितली. पुस्तकं मात्र सांगोवांगीची नाहीत. ती १३ हस्तलिखितं कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत, आणि थोमाचा ग्रंथ त्यांतल्या दुसऱ्यात आहे.

मग शब्द कोणता? त्यासाठी ‘कॅनन’कडे जावं लागतं. ग्रीक कानोन म्हणजे सरळ काठी, मापाची पट्टी. मूळ शब्द बोरूचा, वेताचा. आपलं ‘प्रमाण’ही मा या मोजण्याच्या धातूपासूनचं. दोन भाषांनी स्वतंत्रपणे एकच रूपक धरावं, याचा मला मनापासून आनंद होतो. तेव्हा कॅनन म्हणजे प्रमाणग्रंथ, इथवर ठीक. अडचण नकार जोडताना येते. ‘अप्रमाण’ म्हणजे थेट अविश्वसनीय. ‘अप्रमाणित’ म्हटलं की कचेरीतली शिक्का नसलेली प्रत डोळ्यांपुढे येते. ‘प्रमाणबाह्य’ कानाला बरा वाटतो, पण ‘प्रमाणाबाहेर’ म्हणजे आपल्याकडे अती. आणि ‘बाह्य’ या शेपटाची संगत पाहा : नियमबाह्य, घटनाबाह्य, वेदबाह्य. सगळीकडे मर्यादा ओलांडल्याचा आरोप आहे.

‘इतर’ची संगत वेगळी आहे. शिक्षकेतर कर्मचारी, ललितेतर लेखन, मराठीतर भाषक. इथे कुणावर आरोप नाही, फक्त अमुक वर्गातला नाही एवढी नोंद आहे. म्हणून माझं मत ‘प्रमाणेतर’ला. प्रमाणेतर ग्रंथ, प्रमाणेतर शुभवर्तमान. भाषेच्या चर्चेत प्रमाण भाषा आणि प्रमाणेतर बोली असं आपण म्हणतोच, आणि मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्याची भाषा खोटी आहे असं त्यातून कुणी समजत नाही. ‘प्रमाणेतर’ म्हणून झाल्यावर मग बनावट, मोलाचं, उशिराचं, जुनं, जे काय ठरवायचं ते वाचकाने पुराव्यावर ठरवावं.

तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण कट्ट्यावर निघालं असणारच : याला ‘शुभवर्तमान’ तरी का म्हणायचं? यात गोष्ट नाही, जन्म नाही, क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. नुसती ११४ वचनं एकापाठोपाठ. हे आकडेही आधुनिक संपादकांनी घातलेले. ‘वचनसंग्रह’ म्हणा, असा आग्रह धरणाऱ्यांचं मला पटतं, पण ग्रंथाच्या शेवटी लेखनिकाने ‘थोमानुसार एवांगेलियोन’ असं लिहून ठेवलं आहे. एव म्हणजे चांगलं, अंगेलिया म्हणजे बातमी. वर्तमान शब्दाचा ‘बातमी’ हा अर्थ आपण ‘वर्तमानपत्रा’त जपला, तोच ‘शुभवर्तमाना’त आहे. (गोव्याच्या कोकणीत याच एवांगेलियोनचं पोर्तुगीजमार्गे ‘वांजेल’ झालं.) ग्रंथाने स्वतःला दिलेलं नाव आपण बदलू नये. वर्णन करताना ‘वचनसंग्रह’ खुशाल म्हणावं.

या दोन प्रकारांतला फरक मराठी वाचकाला समजावायला महानुभाव वाङ्मयासारखं दुसरं साधन नाही. चक्रधरांच्या लीळा प्रसंगांसह म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त आहेत, आणि केसोबासांनी त्यांतली वचनं वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ केला. तिथे क्रम माहीत आहे : आधी प्रसंग, मग वेचा. थोमाबद्दल अभ्यासकांचं भांडण नेमकं याच क्रमावर आहे. जॉन माइयरसारखे म्हणतात, हा मान्य शुभवर्तमानांतून केलेला नंतरचा वेचा. हेल्मुट कोस्टरसारखे म्हणतात, ही स्वतंत्रपणे चालत आलेली, काही ठिकाणी जास्त जुनी परंपरा. पेरणाऱ्याचा दृष्टान्त, मोहरीचा दाणा, हे दोन्हीकडे आहे, तिथे वाद पेटतो. पण ९७ वं वचन बायबलातल्या चारही शुभवर्तमानांत नाही. एक बाई पिठाने भरलेलं मडकं घेऊन लांबच्या वाटेने निघते. वाटेत मडक्याचा कान तुटतो आणि पीठ तिच्या मागे रस्त्यावर सांडत राहतं. तिला कळत नाही. घरी येऊन मडकं खाली ठेवते तर ते रिकामं. बस, एवढंच. बापाचं राज्य असं आहे, म्हणे. हे वाचून एकजण म्हणेल सावध राहा, दुसरा म्हणेल रितं होणं हीच प्राप्ती. मी कितीदा तरी वाचलं आहे, आणि अजून एका बाजूला बसलेलो नाही.

एक खबरदारी. ‘थॉमसचं बालपणीचं शुभवर्तमान’ म्हणून आणखी एक ग्रंथ आहे, तो पूर्ण वेगळा. चिखलाच्या चिमण्या करून उडवणारा पाच वर्षांचा येशू त्यातला. दोन्हींची सरमिसळ फार होते.

शेवटी नावाबद्दल. मराठी बायबलात हा माणूस ‘थोमा’ आहे आणि त्याला ‘दिदुम’ म्हणत, असं योहानाच्या शुभवर्तमानात येतं. थोमा हे अरामी, दिदुम हे ग्रीक, आणि दोन्हींचा अर्थ एकच : जुळा. म्हणजे पहिल्या ओळीतल्या ‘दिदुम यहूदा थोमा’चं अक्षरशः मराठी करायचं तर ‘जुळा यहूदा जुळा’ असं होईल. त्याचं खरं नाव मधलं. तेव्हा इंग्रजीतून आलेला ‘थॉमस’ सोडून ‘थोमाचं शुभवर्तमान’ असं लिहावं, आणि पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे ‘प्रमाणेतर’ हे विशेषण लावावं. पुढच्या बैठकीत ४२ वं वचन घ्या. सगळ्यांत छोटं आहे. मी त्याचं ‘वाटसरू व्हा’ असं करतो. कुणी ‘पुढे निघून जा’ असंही करील. कट्ट्याने कोणतं धरलं ते कळवा.