पहिली बरगडी हाताला लागत नाही : शरीररचनेचे प्रश्न

या वेळी वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आलेल्या पत्रांत छाती आणि पोटाचेच प्रश्न जास्त आहेत. बहुतेकांचा गोंधळ पुस्तकातली सपाट आकृती आणि डिसेक्शन टेबलावरचं शरीर यांचा मेळ न बसल्यामुळे झालेला दिसतो. म्हणून जमेल तिथे बोट कुठे ठेवायचं ते आधी सांगितलं आहे, नावं नंतर.

प्रश्न : बरगड्या मोजताना मी कॉलरबोनखालून सुरुवात करते आणि दर वेळी एकाने चुकते. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) अपेक्स बीट (हृदयाच्या टोकाचा ठोका) चौथ्या स्पेसमध्ये (दोन बरगड्यांमधल्या जागेत) सांगून बसले. खात्रीची पद्धत कोणती? (पहिलं वर्ष, परळ)

पहिली बरगडी कॉलरबोनमागे दडलेली असते, समोरून ती हाताला लागतच नाही. तुम्ही जिला पहिली म्हणता ती दुसरी. तिथेच पाचवी स्पेस चौथी झाली.

गळ्याखालच्या खाचेत बोट ठेवा आणि छातीच्या मधल्या हाडावरून (स्टर्नमवरून) सरळ खाली या. साधारण 5 सेंमीवर एक आडवा उंचवटा लागतो, तो स्टर्नल अँगल. तिथून बोट बाजूला सरकवलं की ते दुसऱ्या बरगडीच्या कूर्चेवरच येतं. तिच्याखाली दुसरी स्पेस. पुढे मोजताना स्टर्नमच्या कडेकडेने उतरू नका, कारण खालच्या कूर्चा तिथे एकमेकींना बिलगतात आणि मधली जागा बोटाला कळत नाही. तिरकं बाहेर जात मोजा. अपेक्स बीट पाचव्या स्पेसमध्ये, मधल्या रेषेपासून सुमारे 9 सेंमीवर. निपलवरून मोजायची सवय असेल तर सोडा. पुरुषांत ते बहुधा चौथ्या स्पेसच्या पातळीला असतं, स्त्रियांत त्याचा भरवसा नाही.

याच उंचवट्याच्या पातळीवर मागे टी-4 आणि टी-5 (छातीच्या भागातला चौथा आणि पाचवा मणका) मधली डिस्क येते, आणि महाधमनीची कमान इथेच सुरू होऊन इथेच संपते. श्वासनलिका इथे दुभंगते असंही पाठ करतात, पण ते आडव्या कॅडॅव्हरचं (मृतदेहाचं) माप आहे. दादरला गाडीत शिरण्याआधी घेतो तसा उभ्याने खोल श्वास घेतला की तो फाटा टी-6 पर्यंत खाली उतरतो.

प्रश्न : प्लुरल टॅपची (फुप्फुसाभोवतीच्या प्लुरा या दुपदरी आवरणात साठलेलं पाणी काढायची) सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेने घाला म्हणतात. पण रक्तवाहिन्या-नर्व्हच्या कोलॅटरल (जोड) शाखा तिथेच असतात ना? आणि नवव्या बरगडीच्या खाली का जायचं नाही? (वॉर्ड पोस्टिंग, सायन)

शंका रास्त आहे. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ असते. तिच्यात वरून खाली शीर, धमनी, नर्व्ह या क्रमाने तिघी जातात. शीर सगळ्यात वर, म्हणून ती हाडाच्या आडोशाला सुरक्षित. नर्व्ह सगळ्यात खाली, तिला आडोसा सगळ्यात कमी. कोलॅटरल शाखा खालच्या बरगडीच्या वरच्या कडेने जातात हे खरं, पण त्या बारीक असतात. मुख्य धमनी फाटली तर रक्त प्लुराच्या पोकळीत साठत राहतं, बाहेर दिसतही नाही. दोन्हींत कमी धोक्याची कड निवडलेली आहे, बिनधोक नव्हे.

हाताने असं करायचं : सुई आधी खालच्या बरगडीच्या हाडाला टेकवायची, मग हाडावरून वर सरकवत कड ओलांडायची. वाटेत लागतात त्वचा, त्याखालची चरबी, तिथला वरचा स्नायू (पाठीकडे लॅटिसिमस डॉर्साय, काखेखाली सेरेटस अँटिरियर), मग इंटरकोस्टल (बरगड्यांमधल्या) स्नायूंचे तीन थर, एंडोथोरॅसिक फॅशिया (छातीच्या भिंतीचं आतलं पातळ अस्तर) आणि पॅरायटल प्लुरा (प्लुराचा बाहेरचा पदर). भुलीचं औषध या शेवटच्या थरापाशी नीट सोडायचं, कारण पॅरायटल प्लुराला इंटरकोस्टल नर्व्हज पोचतात आणि तो सणकून दुखतो. घाईत त्वचाच बधिर करून पुढे गेलं की पेशंट नेमका सुई आत असताना दचकतो.

आता नववी बरगडी. शांत श्वासात फुप्फुसाची खालची कड मिडक्लॅव्हिक्युलर (कॉलरबोनच्या मध्यातून उतरणाऱ्या) रेषेत सहाव्या, मिडअ‍ॅक्सिलरी रेषेत (काखेच्या मध्यातून उतरणाऱ्या) आठव्या आणि पाठीत दहाव्या बरगडीवर असते. प्लुरा त्याच रेषांत आठव्या, दहाव्या, बाराव्यापर्यंत उतरतो. मधली दोन बरगड्यांची रिकामी घडी म्हणजे कॉस्टोडायाफ्रॅमॅटिक रिसेस. बसलेल्या माणसात पाणी आधी तिथेच साठतं. मग सगळ्यात खालीच टोचावं असं वाटतं, पण त्या घडीची आतली भिंत डायाफ्राम (छाती आणि पोटामधला पडदा) आहे आणि त्याच्या पलीकडे उजवीकडे लिव्हर, डावीकडे स्प्लीन (प्लीहा). म्हणून पेशंटला टेबलावर हात टेकून पुढे वाकवून बसवायचं, पाठीवर ठोकून आवाजातला जडपणा कुठे सुरू होतो ते बघायचं, त्याच्या एक-दोन स्पेस खाली जायचं, पण नववी ओलांडायची नाही. सोनोग्राफी हाताशी असेल तर ती आधी. एका वेळी दीड लिटरपेक्षा जास्त काढू नये. दबलेलं फुप्फुस भसकन फुललं तर त्यातच पाणी भरतं.

प्रश्न : स्पॉटरला (नमुना ओळखायच्या परीक्षेत) ठेवलेलं फुप्फुस उजवं की डावं, पटकन कसं ओळखायचं? फिशर (फुप्फुसाच्या लोबांमधल्या, म्हणजे भागांमधल्या भेगा) मोजून फसलो. (पहिलं वर्ष, जुहू)

फिशर अर्धवट असतात, कधी आडवी फिशर नसतेच. हायलम (नळ्या फुप्फुसात शिरतात ती जागा) बघा. टोक वर, जाड गोल कड मागे धरा. ब्राँकस (श्वासनलिकेची शाखा) मागच्या बाजूला असतो, चिमटीत कूर्चेचा कडकपणा लागतो. डावीकडे धमनी ब्राँकसच्या वर असते. उजवीकडे वरच्या लोबचा ब्राँकस धमनीच्याही वर जातो. आणि हायलमवर कमानीसारखी रुंद खाच असेल तर ती महाधमनीची, म्हणजे डावं. बारीक खाच अझायगस शिरेची, म्हणजे उजवं.

प्रश्न : मिड-इंग्वायनल पॉइंट आणि इंग्वायनल लिगामेंटचा (जांघेतल्या पट्ट्याचा) मिडपॉइंट, हा नुसता शब्दांचा खेळ नाही का? (दुसरं वर्ष, मुंबई सेंट्रल)

नाही, दोन वेगळ्या जागा आहेत, जेमतेम बोटभर अंतराने. दोन्हींचं बाहेरचं टोक एकच, अँटिरियर सुपिरियर इलियाक स्पाइन (कंबरेच्या हाडाचं पुढचं टोक). आतलं टोक सिंफिसिस (ओटीपोटाखाली मधोमध असलेला हाडांचा सांधा) धरलं तर मध्यावर फीमोरल धमनीचे ठोके लागतात. प्युबिक ट्युबर्कल (सांध्याच्या बाजूचा हाडाचा उंचवटा) धरलं तर मध्य थोडा बाहेर सरकतो आणि त्याच्या 1.25 सेंमी वर डीप रिंग (जांघेतल्या बोगद्याचं आतलं तोंड) असते. हर्निया आत ढकलून डीप रिंगवर अंगठा दाबून खोकायला सांगायचं, तरीही फुगवटा आला तर तो डायरेक्ट (थेट भिंतीतून आलेला; डीप रिंगमधून येतो तो इनडायरेक्ट). अंगठा ठोक्यांवर ठेवलात तर रिंग मोकळीच राहते आणि इनडायरेक्टला डायरेक्ट म्हणून मोकळे होता. तशीही ही तपासणी बेभरवशाचीच. खरा निवाडा ऑपरेशनमध्ये इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक धमनी बघून होतो : पिशवी तिच्या बाहेरच्या बाजूने निघाली तर इनडायरेक्ट, आतल्या बाजूने निघाली तर डायरेक्ट.

प्रश्न : एपिप्लॉइक फोरामेन (जठरामागच्या लेसर सॅक या कप्प्याचं तोंड) आमच्या टेबलावर कुणालाच सापडत नाही. (पहिलं वर्ष, भायखळा)

बहुधा तुम्ही समोरून शोधताय. ते उजवीकडून सापडतं. एकाने लिव्हरची कड वर उचलून धरा, दुसऱ्याने जठर हलकेच डावीकडे-खाली ओढा. उरलेल्याने पित्ताशयावर तर्जनी ठेवून त्याच्या मानेपर्यंत जायचं आणि तिथून बोट डावीकडे, लेसर ओमेंटमच्या (लिव्हर आणि जठर जोडणाऱ्या पडद्याच्या) मोकळ्या कडेमागे सरकवायचं. बोट अलगद शिरलं की तुम्ही लेसर सॅकच्या दारात आहात.

आता बोट तसंच ठेवून अंगठा पुढून टेकवा. चिमटीत तीन नळ्या आल्या : पुढे उजवीकडे पित्तनलिका, पुढे डावीकडे हिपॅटिक धमनी, दोघींच्या मागे पोर्टल व्हेन (आतड्यांचं रक्त लिव्हरला नेणारी शीर). बोटाच्या पाठीला इन्फिरियर व्हेना केव्हा (शरीराच्या खालच्या भागाचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर), वर लिव्हरचा कॉडेट प्रोसेस, खाली ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीचा) पहिला भाग. आतड्याचं वेटोळं इथे अडकलं तर चारांपैकी एकही कड कापून वाट मोठी करता येत नाही. आधी आतड्यातली हवा आणि पाणी काढून ते बारीक करावं लागतं. लिव्हर फाटून रक्त वाहत असेल तेव्हा सर्जन हीच चिमटी घेतो, तिला प्रिंगल मॅन्यूव्हर म्हणतात. चिमटी घट्ट असूनही रक्त थांबलं नाही, तर ते बहुधा मागून, हिपॅटिक व्हेन्स (लिव्हरमधून निघणाऱ्या शिरा) किंवा व्हेना केव्हामधून येतंय.

बोट जातच नसेल तर जोर लावू नका. जुन्या सुजेमुळे ती जागा चिकटून बंद झालेली असू शकते. तेव्हा ढकललेलं बोट ओमेंटम फाडून आत जातं, आणि मग खरं दार बघायला शेजारच्या टेबलावर जावं लागतं.