चढाचं काही नाही हो भाऊ, उताराचं बोला

प्रश्न : नमस्कार भाऊ. आम्ही आठ जण, सगळे शेतीवाले, वय २४ ते ४१. मोबाईलवर कर्नाटकातल्या कुद्रेमुखचे व्हिडिओ पाहून पाहून सगळ्यायच्या डोक्यात तेच घुसलं हाय, हिरवंगार गवत, ढग, जंगल. चिखलदऱ्याले दोनदा गेलो पण गाडीनंच. आमच्यानं होईन का, कधी जावं, तयारी काय करावी? एक जण म्हणते, तिथं गेल्यावर होऊन जाते सगळं. – एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : त्या 'होऊन जाते' वाल्याला पहिले जवळ बसवा आणि हे वाचून दाखवा. कुद्रेमुख १९८७ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं आपल्या मनानं घुसता येत नाही. कर्नाटक वनखात्याकडं आधी ऑनलाइन बुकिंग करा लागते, प्रत्येकाचं नाव अन ओळखपत्र द्या लागते, आणि रोज ठराविकच लोक सोडतात. २०२४ च्या जानेवारीत तिकडच्याच कुमार पर्वतावर सुट्ट्यांमध्ये एवढी गर्दी उसळली होती की खात्यानं काही काळ ट्रेकच थांबवले, तेव्हापासून हे ऑनलाइनचं जास्तच कडक झालं. आता आपल्याकडची सवय अशी की निघायच्या आदल्या रात्री मावसभाऊ म्हणते मीबी येतो आणि आपण म्हणतो चाल, बस गाडीत. ते तिथं चालत नाही. शनिवार-रविवार लवकर भरतात, पण तुम्हाला कुठं ऑफिसातून सुटी काढायची आहे, मंगळवार-बुधवार पाहा, गर्दीही कमी.

कधी जावं याचं उत्तर तुमच्या पिकातच आहे. भर पावसाळ्यात तिकडं आपल्या वर्षभराच्या पावसाच्या सहा-सात पट पाऊस पडतो, वाट चिकट होते आणि जळवा. फेब्रुवारीपासून गवत वाळते, मग वणव्याच्या भीतीनं उन्हाळ्यात ट्रेक बंद ठेवतात. राहिले ऑक्टोबर ते जानेवारी. व्हिडिओतलं ते हिरवं पाहिजे तर ऑक्टोबरच, पण ऑक्टोबरात तुमचं सोयाबीन एकतर उभं असते नाहीतर गंजीत, आणि माणूस डोंगरावर जाऊन आभाळाकडं पाहून सोयाबीनचाच विचार करणार असेल तर कशाला जायचं? माझं मत विचाराल तर सोयाबीन घरात आलं, सीतादही म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा झाली, कापसाची पहिली वेचणी उरकली की नोव्हेंबरच्या मध्यात सहा दिवस काढा. तुरीला अजून वेळ असतो आणि हरभऱ्याचं पाणी एखाद्या भावकीतल्या माणसाकडं सोपवता येते. गवत तेव्हा थोडं सोनेरी व्हायला लागते, ते मला हिरव्यापेक्षा जास्त आवडते, पण हे आपलं माझं.

रस्ता असा, नागपूर किंवा वर्ध्याहून रेल्वेनं बंगळूरू, तिथून रात्रीची बस कळसा गावाला, मग आसपासच्या होमस्टेत मुक्काम. मुळ्ळोडी गावापर्यंत शेवटचे काही किलोमीटर रस्ता आपल्या पांदणीपेक्षा वाईट आहे, तिथं जीपच लागते. वर डोंगरावर रात्री राहायला परवानगी नाही, सकाळी निघून दिवस मावळायच्या आत खाली यायचंच.

आता पायाचं. शिखर १,८९४ मीटर उंच आहे आणि मुळ्ळोडीहून जाऊन-येऊन २० किलोमीटरच्या आसपास पडते. जुना हिशोब असा सांगतात की सपाटीवर तासाला ५ किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर चढामागं एक तास जास्तीचा. चढ हजार मीटरच्या घरात धरला तर साडेपाच-पावणेसहा तास होतात, पण आपण फोटो काढणारे, बसून जेवणारे, मागं राहिलेल्याला शिव्या देत थांबणारे लोक, म्हणून आठ धरा. सकाळी सहा-साडेसहाला पाय उचलला पाहिजे आणि एक वाजला की शिखर समोर दिसत असलं तरी मागं फिरायचं, हे आठही जणांनी घरूनच ठरवून निघा, कारण वर गेल्यावर कोणीच ऐकत नाही.

तुमच्यानं होईल. डवरणीच्या दिवसांत तुम्ही पिकाच्या ओळींतून डवऱ्यामागं दिवसभर जेवढं चालता तेवढं पुण्या-मुंबईचा ट्रेकवाला महिन्यात चालत नसेल. पण भाऊ, ते चालणं सपाट काळ्या मातीतलं आहे, आणि चढ आपल्याला मारत नाही, उतार मारतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जाता जाता ब्रेक लावत राहतो, त्याला त्या कामाची सवय नसते, म्हणून दुसऱ्या दिवशी बसलं की उठवत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वर जाताना सगळ्यांच्या पुढं होतो, मोठा रुबाब, आणि उतरताना नव्या बुटाचा सोल तोंड उघडून बसला. सुतळीनं बांधला, ती गवतात घासून तुटली, शेवटचे चार किलोमीटर गाईडच्या जादाच्या रबरी चपला घालून उतरलो, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, पंधरा दिवसांनी गळाली. तेव्हा बूट निदान महिनाभर शेतात वापरून मग न्या, खाली खोल खाचा असलेलं रबर पाहिजे, बोटापुढं अंगठ्याएवढी जागा पाहिजे, आणि निघायच्या आदल्या दिवशी नखं कापा, हे शेवटचं फुकटातलं आहे पण कोणी करत नाही.

सराव सहा आठवडे. पाठीवर पाच लिटरची कॅन बांधून धुऱ्या-धुऱ्यानं चाला, गावाजवळ एखादी टेकडी असेलच, तिच्यावर चढून उतरून पुन्हा चढून उतरा. दोनदा तरी खरा डोंगर करा. चिखलदऱ्याला पुन्हा जा पण यावेळी गाडी लावून गाविलगड पूर्ण पायी फिरा. १८०३ च्या डिसेंबरात हा किल्ला घेताना इंग्रजांच्या फौजेनं डोंगरातून तोफा ओढून नेल्या होत्या, आपण पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन दमतो. दुसरा नरनाळा, अकोटकडून शहानूरवरून, तो अभयारण्यात आहे म्हणून गेटवर नोंद करूनच. मेळघाटात दुसरीकडं कुठंही आपल्या मनानं पायवाट धरू नका, वाघाचं रान आहे ते.

आणि कुद्रेमुखला एक गोष्ट नीट पाहजा. आपल्या मेळघाटात सागवान डोंगरभर पसरलेलं असते, उन्हाळ्यात पानं गाळून उघडं होते. तिथं डोंगराच्या अंगावर सगळं गवत आणि घळींमध्ये, जिथं माती खोल अन ओल धरून असते, तिथं काळंभोर सदाहरित जंगलाचे पुंजके. त्याला शोला म्हणतात. गवतात ऊन खात चालता चालता एकदम आत शिरलं की विहिरीत उतरल्यासारखं गार लागते. पावसाचं पाणी हे गवत अन शोला मिळून धरून ठेवतात आणि वर्षभर हळूहळू सोडतात, तुंगा, भद्रा, नेत्रावती या तिन्ही नद्यांचा उगम याच उद्यानात, गंगामूळ डोंगरात आहे. याच डोंगरात लोखंडाची मोठी खाण होती, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं २००५ च्या शेवटी बंद झाली. कोळसा खाणींच्या वणीकडचे कोणी तुमच्यात असतील तर त्यांना खाणीनं नाल्याचं काय होते ते सांगायची गरज नाही.

प्रश्न : ताई-दादा जे असाल ते, आमच्या बचत गटातल्या सहा बाया म्हणून राहिल्या का आपणबी जाऊ. साडीत जमन का? आन वाटेत बाथरूमची सोय असते का? हसू नका. – एक वाचक, धारणी रोड

उत्तर : दादा आहे, आणि हसलो नाही, कारण हा प्रश्न गडीमाणसं विचारत नाहीत म्हणून अर्धे ट्रेक बिघडतात. साडी नको ताई, कष्टाचं म्हणून नाही, निंदणाला तुम्ही साडीतच दिवस काढता, पण ओल्या गवतात काठ जड होतो आणि उतरताना पाय कुठं पडला ते दिसत नाही. पंजाबी ड्रेस, सलवार मोज्यात खोचलेली, वरून घरधन्याचा पूर्ण बाहीचा जुना शर्ट. होमस्टेत संडास-बाथरूम असते, वर वाटेत काहीच नाही, म्हणून निघायच्या आधी सगळ्यांनी वेळ घ्या आणि वाटेत दोघी-दोघींनी जा, पण झऱ्यापासून दूर. पाणी कमी पिऊन वेळ मारून नेऊ नका, आपल्या बाया हेच करतात आणि मग दुपारी चक्कर येते. पाळीची तारीख मधात येत असेल तर वापरलेलं परत आणायला कागद आणि झाकणाची डबी ठेवा. गाईड बाईमाणूस मिळते का ते होमस्टेवाल्यांना फोनवरच विचारून घ्या.

प्रश्न : गवतात बसलं की ताप येते म्हणतात, खरं हाय का? – एक वाचक, उमरेड

उत्तर : खरं आहे, आणि त्यासाठी कर्नाटकात जायची गरज नाही. २०१८ मध्ये नागपूरकडं स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले होते ते आठवत असेल. गवता-झुडपांत डोळ्याला न दिसणारा कीडा असतो, त्याची पिल्लं चावली की हा ताप येतो, पण लगेच नाही, एक-दोन आठवड्यांनी, तोवर माणूस ट्रेक विसरून गेलेला असतो. चावल्या जागी कधी कधी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते, काखेत, जांघेत, दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंग घासून आंघोळ करा, आणि महिनाभरात ताप आलाच तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा की मी गवतात फिरून आलो. वेळेवर कळलं तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरं होते, अंगावर काढलं तर जिवावर येते. आपल्या गोठ्यातली गोचीड वेगळी, जळू त्याहून वेगळी. जळू नुसती किळसवाणी, ओढून काढू नका, नखानं बाजूनं सरकवा, रक्त थोडा वेळ वाहते, घाबरू नका.

प्रश्न : तिकडं जेवाचं कसं? आमच्यात दोघं असे हायेत का त्यायले भाताचं नाव काढलं तरी राग येते. – एक वाचक, तेल्हारा

उत्तर : मग त्या दोघांना भाकर बांधून द्या. होमस्टेत सकाळी डोसा, तांदळाच्या भाकरीसारखी अक्की रोट्टी, दुपारच्या डब्यात बहुतेक चित्रान्न म्हणजे फोडणीचा भातच, चांगलं लागते पण आपल्या जिभेला फिकं. दशम्या दोन दिवस टिकतात, गूळ-शेंगदाणे खिशात ठेवा, पाणी माणशी तीन लिटर. प्लास्टिक वर न्यायचं नाही, कापडात बांधा. ठेचा नेणार असाल तर काचेच्या बरणीत नेऊ नका, स्टीलची घट्ट झाकणाची डबी घ्या, माझी बरणी रेल्वेतच फुटली होती आणि त्या रेनकोटला अजून लसणाचा वास येतो.