बीपीच्या आकड्यात फरक का पडतो?

प्रश्न : एकाच रुग्णाचा वरचा बीपी मला १५० मिळतो, वॉर्डच्या सिस्टरांना १३०. माझं कुठे चुकतं? – नर्सिंग विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आधी कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, बघा. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के हवी. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटा चढतो. हात लोंबकळला तरी तेच, म्हणून तो हृदयाच्या पातळीला टेकवा. सोलापूरच्या उन्हातून आलेल्याला ५ मिनिटं बसू द्या; चहा-तंबाखू होऊन अर्धा तास झाला का, हेही विचाराच. मनगटाची नाडी ज्या आकड्याला लागेनाशी होते, त्याच्या ३० मिमी (पाऱ्याचे) वर कफ फुगवा आणि हवा सेकंदाला २-३ मिमीच सोडा. नुसत्या अंदाजाने फुगवलंत, तर काही रुग्णांत मधे स्टेथोस्कोपमधला नाडीचा आवाज गायब होतो त्या टप्प्यात फसाल आणि वरचा आकडा कमी नोंदवाल.