खारट पाण्यातलं आर्सेनिक: रिकव्हरी ९८ टक्के, तरी आकडा चुकू शकतो

खाडीकाठच्या विहिरीचं पाणी, तुमच्या आयसीपी-एमएसवर (अतितप्त प्लाझ्मात अणूंचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) आर्सेनिक १८ पीपीबी (अब्जात १८ भाग), दुसऱ्या लॅबमध्ये ३. तुमची स्पाइक रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या आर्सेनिकपैकी किती मोजणीत परत दिसलं) ९८ टक्के आली, म्हणून चूक त्यांचीच, असं तुम्ही लिहिलंय. मला उलटी शंका येते.

आर्सेनिकचा स्थिर समस्थानिक एकच, वस्तुमान ७५. प्लाझ्मात आर्गॉन (४०) आणि मिठातला क्लोरीन (३५) जोडले गेले की तेही ७५, आणि साध्या क्वाड्रुपोलला (यंत्रातल्या वस्तुमान गाळणाऱ्या भागाला) हा फरक कळत नाही. दुसऱ्या वस्तुमानावर जाऊन खातरजमा करायची सोय इथे नाही.

आता रिकव्हरी बघा. १० पीपीबी घातल्यावर वाचन १८ वरून २७.८ झालं. त्या १८ पैकी १५ क्लोराईडचे असले, तर ते दोन्ही वाचनांत तसेच राहतात आणि वजाबाकीत उडून जातात. स्टँडर्ड अ‍ॅडिशनमध्येही (नमुन्यातच वाढत्या मात्रेत आर्सेनिक घालून मोजण्याची पद्धत) हीच गत. दहापट पातळ केलंत तरी खोटा भाग खऱ्याबरोबरच खाली येतो. माझ्या हातून एकदा असाच अहवाल गेला होता आणि ती विहीर वापरणाऱ्या घरानं आठ दिवस टँकर मागवला. ते अजून सलतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० पीपीबी आहे. १८ आणि ३ यांच्यात त्या घराचं पाणी अडकलेलं असतं.

करून बघा: नमुन्यात जेवढं क्लोराईड आहे तेवढं अतिशुद्ध हायड्रोक्लोरिक आम्लातून घेऊन ब्लँक (आर्सेनिक न घातलेलं कोरं द्रावण) बनवा. त्यात आर्सेनिक ‘दिसलं’, तर चोर सापडला. ७७ वरही नजर ठेवा; तिथे आर्गॉन आणि ३७ चा क्लोरीन येतो, ७५ च्या साधारण एक तृतीयांश. सेलेनियमही ७७ वर असतं, म्हणून हा नुसता इशारा समजा.

मग यंत्रातल्या कोलिजन सेलमध्ये (आयन जिथे वायूवर आदळतात तो कप्पा) हेलियम सोडून मोजा. आर्गॉन-क्लोरीनची जोडी आकारानं मोठी, हेलियमवर जास्त वेळा आदळते, ऊर्जा गमावते आणि पुढच्या अडथळ्यापाशी अडते. आर्सेनिक बहुतांश निसटतं. संवेदनशीलता थोडी घटते, ती सोसावी. मीठ प्लाझ्मा दाबतं, म्हणून पातळ करणं आणि इंटरनल स्टँडर्ड (ही घट भरून काढायला ठरावीक मात्रेत घातलेलं दुसरं मूलद्रव्य) लागतंच. जर्मेनियम वस्तुमानानं जवळचं, पण आर्सेनिकची आयनीकरण ऊर्जा ९.८ ईव्ही, जर्मेनियमहून बरीच वर, म्हणून दोघं सारखी दबतीलच असं नाही. खूप क्षार असलेल्या नमुन्यात मी टेल्युरियम ताडून बघतो. पुढे माती विरघळवून मोजणार असाल तर दुहेरी प्रभाराचे निओडिमियम आणि समॅरियम (वस्तुमान १५०, पण यंत्र ते प्रभारानं भागून वाचतं) हेही ७५ वर येतात, आणि त्यांना हेलियम अडवत नाही.

ब्लँकमध्ये शिसं दिसतं म्हणालात. आधी आम्लाची बाटली, पिपेटची टिप, हातमोजे तपासा. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय ४.५५ अब्ज वर्षं काढलं, त्यासाठी त्यांना आधी प्रयोगशाळेतल्या शिशाशी झगडावं लागलं होतं. शिसं मोजताना २०६, २०७, २०८ या तिन्ही समस्थानिकांची बेरीज घ्या. त्यांचं प्रमाण ठिकाणागणिक बदलतं.

नमुन्यातलं क्लोराईड किती आणि १८ कोणत्या मोडमध्ये (हेलियमसह की हेलियमशिवाय) आलं, एवढं इथे टाका. तोवर तो अहवाल विहीरवाल्यांच्या हाती देऊ नका.