बाळाच्या कवटीचे सांधे सोनोग्राफीत कळतात का, की थेट सीटी स्कॅनच करावा?

कळतात. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर आधी सोनोग्राफीच बरी: किरणोत्सर्ग नाही, गुंगीचं औषध नाही, आईच्या मांडीवरही उरकते. प्रोब (डोक्यावर फिरवायचा सोनोग्राफीचा दांडा) सांध्याला आडवा धरला की हाडाच्या दोन पांढऱ्या रेघा दिसतात. मधे काळी फट असली तर सांधा उघडा. फट जाऊन रेघ सलग झाली तर तो वेळेआधीच जुळल्याची शंका. मात्र कपाळावरचा सांधा साधारण 3 ते 9 महिन्यांत आपसूकच बंद होतो, तेवढ्यावरून घाबरू नका. एकाच कुशीवर झोपून डोकं चपटं झालं असेल तर सांधे उघडेच सापडतात. रिपोर्ट गोंधळाचा आला किंवा ऑपरेशन ठरलं, तरच सीटी. आणि हे काम हात बसलेल्याचं आहे, तेव्हा लहान मुलांच्या सोनोग्राफीचा सराव असलेला रेडिओलॉजिस्ट गाठा.