वाचकांचे प्रश्न : ईमॅक्समध्येच ईमेल

प्रश्न : लेखन, टिपणे आणि प्रोग्रॅमिंग ही सगळी कामे मी ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये करते. ईमेलही तिथेच हाताळता यावेत म्हणून मी एमयूफोरई हे पॅकेज बसवले. मात्र ते उघडल्यावर यादी रिकामीच दिसते. मग सर्व्हरवरचे ईमेल संगणकावर उतरवणारा एमबीसिंक हा प्रोग्रॅम चालवून पाहिला, तर जीमेलचा पासवर्ड अचूक देऊनही तो नाकारला जातो. नेमके काय राहून गेले आहे?

उत्तर : एमयूफोरईला ईमेल क्लायंट म्हणत असले, तरी सर्व्हरवरून ईमेल उतरवून घेणे हे त्याचे काम नाही. ते एमबीसिंक करतो, उतरलेल्या ईमेलची शोधसूची एमयू हा वेगळा प्रोग्रॅम तयार करतो आणि ईमॅक्स फक्त त्या सूचीत असलेले दाखवतो. त्यामुळे मागे कुठे अडले की पुढे रिकामी यादी दिसते आणि दोष उगाच ईमॅक्सच्या माथी येतो. म्हणून ईमॅक्स बंद ठेवून टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) एकेक टप्पा तपासावा, असा माझा आग्रह आहे.

आधी पासवर्ड. अशा प्रोग्रॅममधून आलेला खात्याचा नेहमीचा पासवर्ड गूगल स्वीकारत नाही. त्यासाठी द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा 'अ‍ॅप पासवर्ड' तयार करावा लागतो. तो एकदाच दाखवला जातो, आणि चार-चार अक्षरांच्या गटांत दिसत असला तरी मधल्या मोकळ्या जागा वगळाव्यात. कार्यालयीन खात्यावर प्रशासकाने ही सोय बंद केलेली असू शकते. तिथे ओऑथचा (पासवर्डऐवजी गूगलकडून परवानगी घेऊन जोडण्याचा) मार्ग उरतो आणि तो बराच खटपटीचा असल्याने सुरुवात वैयक्तिक खात्यानेच करावी.

हा पासवर्ड एमबीसिंकच्या सेटिंग फाइलमध्ये उघडा लिहू नये. तो जीपीजी या कूटबद्धीकरणाच्या प्रोग्रॅमने कूटबद्ध केलेल्या ऑथइन्फो या पासवर्ड साठवण्याच्या फाइलमध्ये ठेवावा आणि एमबीसिंकला पासवर्डऐवजी तो उलगडून देणारी कमांड द्यावी. पाठवतेवेळी ईमॅक्सही हीच फाइल वाचतो. मात्र तिच्यातले सर्व्हरचे नाव आणि ईमॅक्सच्या सेटिंगमधले नाव अक्षरशः सारखे हवे, अन्यथा नोंद सापडत नाही आणि पासवर्ड पुन्हा विचारला जातो. ईमेल घेण्यासाठी आयमॅपचा पोर्ट ९९३, तर पाठवण्यासाठी एसएमटीपीचा ४६५ किंवा ५८७ असतो; ४६५ ला जोडणी पहिल्यापासून कूटबद्ध असते, ५८७ ला ती आधी साधी असते आणि स्टार्टटीएलएस या आज्ञेने नंतर कूटबद्ध होते, त्यामुळे ईमॅक्समध्ये जोडणीचा प्रकारही पोर्टला जुळणारा निवडावा.

एमबीसिंक यशस्वी झाला की डिस्कवर प्रत्येक कप्प्यात 'कर' (cur), 'न्यू' (new) आणि 'टेम्प' (tmp) असे तीन उपकप्पे दिसतील व प्रत्येक ईमेल स्वतंत्र फाइल म्हणून पडलेला असेल. मग एमयूला 'इनिट' कमांडने त्या जागेचा पत्ता व आपले ईमेल पत्ते एकदाच सांगावेत, 'इंडेक्स' चालवावे आणि 'फाइंड' देऊन एखादा ओळखीचा शब्द शोधावा. तो टर्मिनलमध्ये सापडला, तर ईमॅक्समध्येही सापडेल. सेटिंगमध्ये ईमेल आणण्याची कमांड म्हणून टर्मिनलमध्ये यशस्वी झालेली एमबीसिंकची पूर्ण कमांड द्यावी. जीमेल पाठवलेल्या ईमेलची प्रत स्वतःच ठेवतो, म्हणून एमयूफोरईला ती वेगळी ठेवायला सांगू नये. नाहीतर प्रत्येक उत्तर दोनदा दिसेल.

प्रश्न : माझी जुळणी सुरळीत चालू होती, परंतु काही ईमेल दुसऱ्या कप्प्यात हलवल्यापासून एमबीसिंक 'डुप्लिकेट यूआयडी' असे सांगून थांबतो.

उत्तर : एमबीसिंक प्रत्येक ईमेलचा क्रमांक (यूआयडी) त्या फाइलच्या नावातच लिहून ठेवतो. फाइल जुन्या नावानिशी दुसऱ्या कप्प्यात गेली, की तिथल्या एखाद्या फाइलशी तो क्रमांक जुळण्याची शक्यता असते. एमयूफोरईमध्ये 'हलवताना फाइलचे नाव बदला' अशी सेटिंग आहे. एमबीसिंक वापरणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी चालू करावी. आधीच अडकलेल्या फाइलच्या नावातला 'यू' आणि त्यापुढचा क्रमांक काढून टाकल्यास एमबीसिंक तिला नवा क्रमांक देतो, पण हात लावण्यापूर्वी साऱ्या कप्प्यांची प्रत काढून ठेवावी.

प्रश्न : एवढे प्रोग्रॅम न बसवता काही उपाय आहे का?

उत्तर : आहे. ग्नस हा ईमेल वाचण्याचा प्रोग्रॅम ईमॅक्ससोबतच येतो आणि ईमेल थेट आयमॅप सर्व्हरवरून वाचतो. न वाचलेले काही नसलेले कप्पे तो यादीतून लपवतो, त्यामुळे नवखा माणूस ईमेल हरवले म्हणून घाबरतो. मोठे 'एल' दाबल्यास सगळे कप्पे दिसतात.